अमेरिकेत लक्झरी एसयूव्ही घेताय? रिकॉल कसा तपासायचा आणि तक्रार कुठे करायची

नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार होते, म्हणून आम्ही तीन रांगांची, चार वर्षं वापरलेली एक लक्झरी एसयूव्ही घेतली. पाच महिन्यांनी, न्यू जर्सी टर्नपाइकच्या मधल्या लेनमध्ये, ताशी ६५ मैलांवर असताना तिची ताकद अचानक गेली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी ओढेना. मागून ट्रक येत होता. मागच्या सीटवर आई, बाबा आणि चार वर्षांची मुलगी. कशीबशी गाडी शोल्डरवर घेतली. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाने गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि सांगितलं, "हिच्या फ्युएल पंपावर रिकॉल आहे. दहा महिने झाले." म्हणजे आम्ही गाडी घेतली त्याच्या पाच महिने आधीपासून तो होता. कंपनीने पत्रही पाठवलं होतं, पण ते गेलं आधीच्या मालकाच्या घरी.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी या सगळ्या व्यवस्थेतून गेलो. गणपतीच्या जेवणाला चार मंडळी भेटली की कोणीतरी नवीन गाडीबद्दल विचारतं आणि मी तीच माहिती पुन्हा सांगत बसतो. आता ती एकदा नीट लिहून काढतो. माझ्या गाडीचं आणि डीलरचं नाव देत नाही, कारण गाडी कुठलीही असली तरी रस्ता हाच आहे. मी न्यू जर्सीत राहतो. रिकॉलचे नियम अमेरिकाभर सारखे आहेत. लेमन लॉ, म्हणजे दुरुस्त करूनही दोष न जाणाऱ्या गाडीच्या मालकाला गाडी किंवा पैसे परत मिळवून देणारा कायदा, मात्र प्रत्येक राज्याचा वेगळा आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

१. आधी तीन शब्द वेगळे करा

रिकॉल, सर्व्हिस बुलेटिन आणि वॉरंटी या तीन गोष्टी काउंटरवर हमखास एकमेकींत मिसळल्या जातात.

रिकॉल म्हणजे सुरक्षेला धोका असलेल्या दोषामुळे, किंवा संघीय सुरक्षा मानक न पाळल्यामुळे, कंपनीने गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावणं. दुरुस्ती फुकट. वॉरंटी संपली असो, गाडी तिसऱ्या मालकाकडे असो, सर्व्हिसिंग बाहेर करून घेतलेलं असो, काही फरक पडत नाही. गाडीच्या पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत हा हक्क कायद्याने आहे. त्याहून जुन्या गाड्यांनाही कंपन्या पुष्कळदा फुकट दुरुस्ती देतात, तेव्हा विचारायला हरकत नाही.

सर्व्हिस बुलेटिन म्हणजे कंपनीने आपल्या मेकॅनिकना पाठवलेली सूचना: अमुक आवाज येत असेल तर तमुक भाग बदला. गाडी वॉरंटीत असेल तरच ते काम फुकट होतं. पण ती सूचना तुमच्या फार उपयोगाची असते. तुमच्या गाडीतल्या तक्रारीवर बुलेटिन निघालेलं असेल, तर तो क्रमांक लिहून काउंटरवर न्या. "आम्हाला असं काही माहीत नाही" हे उत्तर मग मिळत नाही.

सुरक्षा म्हणजे ब्रेक आणि एअरबॅगच, असं समजू नका. २०१० च्या एप्रिलमध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या वस्तूंच्या चाचण्या घेणाऱ्या ग्राहक मासिकाने टोयोटाच्या लेक्सस ब्रँडच्या जीएक्स ४६० या एसयूव्हीची चाचणी घेतली. वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडीचा मागचा भाग बाहेर घसरत होता आणि स्थिरता राखणारी यंत्रणा उशिरा जागी होत होती. त्यांनी सरळ 'विकत घेऊ नका' असा शिक्का मारला. टोयोटाने विक्री थांबवली आणि सुमारे ९,४०० गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती होती फक्त सॉफ्टवेअरची. म्हणून 'फक्त सॉफ्टवेअर अपडेट आहे' असं कोणी सांगितलं तरी तो रिकॉल हलका धरू नका.

एसी थंड होत नाही, रंग उडतो, ऑईल जास्त खातं, सीटचं लेदर फाटलं, या गोष्टी सहसा रिकॉलमध्ये येत नाहीत. लक्झरी गाड्यांमध्ये मोठ्या स्क्रीनबद्दल फार तक्रारी असतात. तिथे एक बारकावा आहे. गाणी वाजत नसतील तर तो वॉरंटीचा विषय. पण रिव्हर्स टाकल्यावर मागचं चित्र दिसत नसेल, तर तो सुरक्षेचा विषय आहे, कारण मे २०१८ पासून इथल्या प्रत्येक नव्या कारमध्ये मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. हा फरक मला फार उशिरा कळला.

२. विन नंबर शोधा आणि स्वतः तपासा

आपल्याकडे ज्याला चासी नंबर म्हणतात तोच इथे 'विन'. सतरा अक्षरं आणि अंक. ड्रायव्हरच्या बाजूला विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरून दिसतो. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स कार्डावरही असतो.

वाहन सुरक्षेची संघीय संस्था म्हणजे नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच एनएचटीएसए. बोलताना सगळे 'निट्सा' म्हणतात. तिच्या वेबसाइटवर रिकॉलचं पान आहे, तिथे विन टाका. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. 'सेफर-कार' नावाचं ॲपही आहे. त्यात गाडी एकदा नोंदवली की नवा रिकॉल आला तर फोनवर कळतं. मी हे ॲप टाकण्याचा आग्रह धरतो, कारण पत्र हरवतं, फोन हरवत नाही.

इथे लोक कुठे चुकतात ते सांगतो.

• विनमध्ये इंग्रजी 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं वापरतच नाहीत. तसं दिसलं तर तो एक किंवा शून्य आहे.
• पूर्ण झालेले रिकॉल तिथे दिसत नाहीत, फक्त राहिलेले दिसतात. 'शून्य' आलं म्हणजे या गाडीवर कधी रिकॉल आलाच नाही असं नव्हे.
• नुकत्याच जाहीर झालेल्या रिकॉलचे विन नंबर यादीत चढायला वेळ लागू शकतो. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघा. मी ऑईल बदलायला जाताना बघतो.
• फक्त मॉडेल आणि वर्ष टाकून शोधलं तर भलीमोठी यादी येते आणि घाबरायला होतं. त्यातले बरेचसे रिकॉल तुमच्या गाडीचे नसतात. उलटही होतं: 'आमच्या मॉडेलला काही नाही' असं मित्र सांगतो आणि तुमच्या कारखान्यातल्या, तुमच्या आठवड्यात बनलेल्या गाडीला असतं. विनच खरा.

३. वापरलेली गाडी घेताना, सही करण्याआधी

मी इथे फसलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नवी गाडी रिकॉलची दुरुस्ती केल्याशिवाय डीलरला विकता येत नाही. वापरलेल्या गाडीला संघीय कायद्याचं हे बंधन नाही. भाड्याच्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांवर आहे, पण वापरलेली गाडी विकणाऱ्यावर नाही. आमच्या सेल्समनने "सगळं चेक केलंय" म्हणून सव्वाशे मुद्द्यांची तपासणी यादी दाखवली होती. त्या यादीत वायपर होते, टायर होते, रिकॉलचा रकाना नव्हता. मी विचारलंही नाही.

'सर्टिफाइड', म्हणजे तपासून प्रमाणित केलेली, या शब्दावरही विसंबू नका. कडक तपासणीची जाहिरात करून ओपन (म्हणजे दुरुस्ती राहिलेल्या) रिकॉलबद्दल स्पष्ट न सांगितल्याबद्दल फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये काही मोठ्या विक्रेत्यांवर कारवाई केली होती. त्यात गाडीची कंपनीसुद्धा होती.

मग काय करायचं? गाडी बघायला जाल तेव्हा लॉटवर उभं राहून, फोनवर, स्वतः विन टाका. विक्रेत्याने दिलेला प्रिंटआउट जुना असू शकतो. रिकॉल निघाला तर तेवढ्यावरून गाडी नाकारू नका. दुरुस्त झालेला रिकॉल ही वाईट गोष्ट नाही. पण 'दुरुस्ती करून मग गाडी ताब्यात द्याल' हे वाक्य विक्री करारात लिहून घ्या. पार्ट उपलब्ध नसेल तर तो येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा किंवा दुसरी गाडी बघा.

खिडकीवर 'बायर्स गाइड' नावाचा कागद चिकटवलेला असतो. त्यावर 'ॲज इज' वर खूण आहे की वॉरंटीवर, ते वाचा आणि त्याची प्रत घरी न्या. 'ॲज इज' म्हणजे आहे तशी, नंतर आमची जबाबदारी नाही.

४. पत्ता बदला, प्रत्येक वेळी

कंपनीला दोष ठरल्यापासून पाच कामाच्या दिवसांत निट्साला कळवावं लागतं आणि त्यानंतर ६० दिवसांत मालकांना पत्र पाठवावं लागतं. हे पत्र नोंदणीतल्या पत्त्यावर जातं. आपली माणसं इथे आल्यावर पहिल्या तीन वर्षांत तीन अपार्टमेंट बदलतात: आधी एडिसन, मग प्लेन्सबरो, मग प्रोजेक्ट बदलला की आणखी कुठे. बँकेचा पत्ता बदलतो, ॲमेझॉनचा बदलतो, गाडीच्या रजिस्ट्रेशनचा राहून जातो. न्यू जर्सीत पत्ता बदलल्यावर एका आठवड्यात मोटार व्हेइकल कमिशनला कळवायचं असतं. ते करा. वापरलेली गाडी घेतली असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागाला फोन करून 'मी नवा मालक' अशी नोंदही करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

गाडी लीजवर असेल तर पत्र लीज कंपनीकडे जातं. त्यांनी ते दहा दिवसांत तुम्हाला पुढे पाठवायचं असतं. त्यावर अवलंबून राहू नका.

आणखी एक. पोस्टाने 'शेवटची सूचना', 'आपली वॉरंटी संपत आहे' अशी सरकारी वाटणारी पाकिटं येतात. ती विक्रीची पत्रं असतात. खऱ्या रिकॉलच्या पत्रात तुमचा विन, रिकॉलचा क्रमांक आणि दोषाचं वर्णन असतं, आणि ते कधीही पैसे मागत नाही. शंका आली तर पत्रातल्या नंबरावर फोन न करता निट्साच्या पानावर विन टाकून बघा. उलट, या जाहिरातींना कंटाळून सगळी पाकिटं न उघडता फेकायची सवय लागली तर एक दिवस खरं पत्र फेकलं जाईल.

५. रिकॉल निघाला. आता?

पत्रात तीन गोष्टी शोधा: दोष काय आहे, दुरुस्ती तयार आहे का, आणि तोपर्यंत गाडी चालवायची का.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मे २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझने अमेरिकेत २,९२,२८७ गाड्यांचा रिकॉल काढला. एमएल, जीएल आणि आर क्लास, २००६ ते २०१२ ची मॉडेल्स. ब्रेक बूस्टरवर रबराचं आवरण असतं. त्याखाली ओलावा साचून धातू गंजत होता आणि जोरात ब्रेक मारल्यावर पेडल व ब्रेकयंत्रणा यांचा संबंधच तुटण्याची शक्यता होती. सूचना होती: तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका. कंपनीने फुकट टो करून नेण्याची सोय दिली. या गाड्या तेव्हा दहा ते सोळा वर्षांच्या होत्या. म्हणजे अशाच, ज्या आपल्यासारखी माणसं पहिली 'मोठी' गाडी म्हणून तिसऱ्या-चौथ्या हातातून घेतात.

टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचं प्रकरण याहून मोठं. त्यांतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं आणि अपघातात एअरबॅग फुगताना धातूचं कवच फुटून त्याचे तुकडे अंगात घुसतात. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा परत बोलावल्या गेल्या. २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूच्या २००० ते २००६ च्या काही गाड्यांना 'चालवू नका' अशी सूचना निघाली, त्यात जुन्या एक्स-५ होत्या. जॅग्वार आय-पेसच्या २०१९ च्या गाड्यांना २०२४ मध्ये बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे दोन सूचना होत्या: गाडी ८० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज करू नका आणि घरापासून लांब, उघड्यावर लावा. तुमचं पार्किंग अपार्टमेंटच्या तळघरात असेल तर अशा वेळी व्यवस्थापनाला सांगून बाहेरची जागा मागा. वर लोक झोपलेले असतात.

'चालवू नका' असं लिहिलं असेल तर सर्व्हिस सेंटरपर्यंतही चालवत नेऊ नका. टो मागा.

फोन करताना त्याच कंपनीच्या कुठल्याही अधिकृत डीलरकडे करा, जिथून गाडी घेतली तिथेच जायचं बंधन नाही. रिकॉलचा क्रमांक सांगा. 'पार्ट नाही' असं उत्तर आलं तर यादीत नाव घालायला सांगा आणि कोणी सांगितलं, कधी सांगितलं ते वहीत लिहा. कंपनीच्या ग्राहक विभागालाही फोन करून केस नंबर घ्या. गाडी दुरुस्तीसाठी दिल्यावर ६० दिवसांत ती नीट झाली नाही, तर दुरुस्तीला अवाजवी उशीर झाल्याचा तो प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो आणि गाडी बदलून देणं किंवा पैसे परत करणं याचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून गाडी कधी दिली याची तारीख कागदावर हवी.

तोपर्यंत वापरायला गाडी देणं कायद्याने सक्तीचं नाही. लक्झरी कंपन्या मागितल्यावर बहुतेक वेळा देतात. मागा. आणि त्या दिलेल्या गाडीचाही विन तपासा. का, ते सातव्या पायरीत सांगतो.

रिकॉल निघण्याआधी तुम्ही त्याच दोषासाठी स्वतःच्या खिशातून पैसे भरले असतील तर ते परत मिळू शकतात. पत्रात मुदत आणि पत्ता असतो. बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा जोडावा लागतो.

सोबत ठेवायचे कागद:

• रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड, लायसन्स
• विक्री करार आणि बायर्स गाइडची प्रत; लीज असेल तर लीजचा करार
• आतापर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्यांचे कागद, बाहेरच्या गॅरेजचेसुद्धा
• रिकॉलचं पत्र, किंवा विन तपासल्याचा स्क्रीनशॉट, तारखेसह
• बिघाडाचे फोटो आणि व्हिडिओ
• एक साधी वही

६. 'रिपेअर ऑर्डर' घेतल्याशिवाय बाहेर पडू नका

प्रत्येक फेरीला रिपेअर ऑर्डर नावाचा कागद निघतो. त्यावर गाडी आल्याची तारीख, गेल्याची तारीख, मैल, तुमची तक्रार आणि त्यांनी काय केलं हे असतं. पुढे लेमन लॉचा दावा असो की कंपनीशी पत्रव्यवहार, सगळं या कागदावर उभं राहतं.

सर्व्हिस ॲडव्हायझर तुमचं बोलणं दोन शब्दांत उरकतो. तुम्ही सांगता 'हायवेवर ताकद गेली', तो लिहितो 'सामान्य तपासणी'. सही करण्याआधी वाचा आणि तुमच्या शब्दांत बदलून घ्या. इंग्रजीची भीड वाटत असेल तर घरूनच चार ओळी टाइप करून न्या. मी तसंच करायचो.

'दोष आढळला नाही' म्हणून गाडी परत दिली आणि पैसे घेतले नाहीत, तर अनेकदा कागदही देत नाहीत. तो मागून घ्या. दोष आढळला नाही असं लिहिलेला कागदसुद्धा एक फेरी म्हणून मोजला जाऊ शकतो.

७. रिकॉल नाही, पण गाडी धोकादायक वागते: निट्साकडे तक्रार

या पायरीबद्दल आपल्या लोकांना सगळ्यात कमी माहिती आहे, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

२८ ऑगस्ट २००९ ला सॅन दिएगोजवळच्या सँटी गावात एक लेक्सस ताशी शंभर मैलांहून जास्त वेगाने जाऊन कोसळली. चार जण गेले. गाडी त्यांची नव्हती. स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला दिली म्हणून डीलरने वापरायला दिलेली ईएस ३५० होती. तिच्यात फ्लोअर मॅट बसवलं होतं आरएक्स ४००एच या एसयूव्हीचं. ते सरकून ॲक्सिलरेटर अडकला. चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. काही दिवसांपूर्वी हीच गाडी वापरलेल्या दुसऱ्या ग्राहकाला असाच अनुभव आला होता आणि गाडी परत करताना त्याने तसं काउंटरवर सांगितलंही होतं. तोंडी. ते पुढे कुठेच गेलं नाही. त्यानंतर टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांचा रिकॉल काढला.

काउंटरवर बोललेलं हवेत जातं. निट्साकडे लिहिलेलं राहतं.

तक्रार वेबसाइटवर करता येते किंवा १-८८८-३२७-४२३६ या निःशुल्क क्रमांकावर. तुमचा व्हिसा कुठला, तुम्ही नागरिक आहात का, याचा काही संबंध नाही. गाडी तुमची आहे एवढं पुरे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची मंडळी 'सरकारकडे तक्रार' म्हटलं की मागे सरतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. तक्रार सार्वजनिक होते, पण तुमचं नाव-पत्ता काढून.

या तक्रारीने तुमची गाडी दुरुस्त होत नाही आणि पैसेही मिळत नाहीत. तिथले तपासनीस अशा तक्रारी वाचतात, एकाच दोषाच्या तक्रारी साठू लागल्या की प्राथमिक तपास सुरू होतो, मग गरज असेल तर अभियांत्रिकी विश्लेषण, आणि त्यातून रिकॉल निघू शकतो. तपासाची मागणी करणारा अर्जही कोणालाही करता येतो. त्यावर १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. 'सगळे करत असतील' म्हणून सगळेच गप्प बसले तर साठणार काय?

आमचा फ्युएल पंप बदलला गेला. नंतर त्याच गाडीचा मागचा कॅमेरा बंद पडू लागला. रिव्हर्स टाकला की स्क्रीन काळी. तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही वेळा 'दोष आढळला नाही', कारण सर्व्हिस सेंटरच्या उबदार गॅरेजमध्ये तो चालायचा. माझी पहिली तक्रार मी रागात लिहिली होती: 'एवढी महाग गाडी, कॅमेरा चालत नाही, डीलर ऐकत नाही.' ती वाचून कोणाला काय कळणार? दुसऱ्यांदा अशी लिहिली (अर्थातच इंग्रजीत, इथे मराठीत देतो):

"१४ जानेवारी, सकाळी ७.४०. घरासमोरचा ड्राइव्हवे. रात्रभर गाडी बाहेर, तापमान गोठणबिंदूखाली. इंजिन सुरू करून दहा सेकंदांत रिव्हर्स टाकला. स्क्रीन काळी, कोणताही इशारा नाही. ४० सेकंदांनी चित्र आलं. ओडोमीटर ५१,३००. दोन आठवड्यांत अकरा वेळा रिव्हर्स घेताना चार वेळा असं झालं, चारही वेळा थंड सकाळी. डीलरकडे तीन फेऱ्या, तिन्ही कागद जोडले आहेत. व्हिडिओ आहे. अपघात नाही, इजा नाही."

वेग, हवामान, मैल, किती वेळा, कोणता दिवा लागला किंवा लागला नाही. विशेषणं काढा, आकडे ठेवा. अपघात, आग, इजा झाली असेल तर ते पहिल्या ओळीत. बदललेला पार्ट मेकॅनिककडून मागून जपून ठेवा. गाडी चालवताना व्हिडिओ काढायला जाऊ नका. शेजारी बसलेल्याला काढायला सांगा.

८. पैसे किंवा गाडी परत हवी असेल तर

हा राज्याचा विषय. न्यू जर्सीचा लेमन लॉ नव्या आणि लीजच्या गाड्यांना पहिली दोन वर्षं किंवा २४,००० मैल, जे आधी होईल तोपर्यंत लागू आहे. एकाच दोषासाठी तीन वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा गाडी एकूण २० दिवस दुरुस्तीत पडून राहिली, किंवा जिवावर बेतेल असा दोष एका प्रयत्नानंतरही राहिला, तर दावा करता येतो. त्याआधी कंपनीला (डीलरला नव्हे) रजिस्टर्ड पोस्टासारख्या 'सर्टिफाइड मेल'ने, पोचपावतीसह, शेवटची संधी द्यावी लागते. त्यांना दहा दिवस मिळतात. बहुतेक जण इथेच चुकतात: ईमेल करतात, किंवा पत्र डीलरला देतात. पुढे राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागातल्या लेमन लॉ युनिटकडे किंवा न्यायालयात जाता येतं. जिंकल्यास वकिलाची फी कंपनीकडून मिळण्याची तरतूद आहे, त्यामुळे 'वकील परवडणार नाही' म्हणून थांबू नका.

वापरलेल्या गाडीला वेगळा कायदा आहे. डीलरकडून घेतलेली, सात मॉडेल-वर्षांपर्यंतची, एक लाख मैलांपर्यंतची गाडी असेल तर मैलांनुसार ३०, ६० किंवा ९० दिवसांची वॉरंटी मिळते. खासगी माणसाकडून घेतली तर यातलं काही नाही. माझा तो काळ उलटून गेला होता.

कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय, जिथे असाल तिथले आकडे वेगळे. मित्राच्या राज्याचा नियम स्वतःला लावू नका.

९. पुण्या-नाशिकहून कोणी विचारलं तर

भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला सक्तीचा रिकॉल काढता येतो. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि तक्रारींची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे जावी लागते. म्हणजे तिथेही मालकांनी नोंदवणं हाच पाया. भरपाईसाठी ग्राहक आयोग. गाडीसाठी ५० लाखांपेक्षा जास्त आणि दोन कोटींपर्यंत किंमत मोजली असेल तर तक्रार जिल्हा आयोगात नव्हे, थेट राज्य आयोगात जाते. मुदत दोन वर्षांची. गाडी कंपनीच्या नावावर आहे म्हणून हात टेकू नका: संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी व्यापारी कारणासाठी घेतली असं आपोआप ठरत नाही, म्हणजे ग्राहक म्हणून तक्रारीचा हक्क तेवढ्याने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०२४ ला मर्सिडीजच्या प्रकरणात मान्य केलं आहे.

१०. गाडी विकताना

विकण्याआधी विन तपासा, राहिलेला रिकॉल पूर्ण करून घ्या. पार्टच नसेल तर खरेदीदाराला लेखी सांगा. सगळ्या रिपेअर ऑर्डर एका फाइलमध्ये घालून गाडीसोबत द्या. खरेदीदाराचा फोन नंबर स्वतःकडे ठेवा.

आम्ही ती एसयूव्ही मागच्या वसंतात विकली. घेणारं एक तरुण जोडपं होतं, बाळ होणार होतं. कॅमेऱ्याचे तिन्ही कागद आणि व्हिडिओ त्यांना दाखवले, किंमत त्या मानाने कमी केली. ऑक्टोबरात आमच्या पोस्टाच्या पेटीत कंपनीचं पाकीट आलं. मागच्या कॅमेऱ्याचा रिकॉल. थंड हवेत चित्र उशिरा येतं, असं त्यात लिहिलं होतं. पत्र पुन्हा जुन्याच मालकाकडे आलं होतं, या वेळी तो जुना मालक मी. त्याच संध्याकाळी पत्राचा फोटो काढून नव्या मालकाला पाठवला, आणि 'गाडी विकली आहे' हा आतला फॉर्म भरून दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकला.